ताकद दुप्पट, तरी सळ्या जास्त का? पुलांमध्ये एफआरपी कसे वागते

प्रश्न थोडक्यात असा: समुद्राजवळच्या एका लहान गर्डर पुलाच्या डेक स्लॅबमध्ये, म्हणजे वाहने ज्यावरून जातात त्या काँक्रीटच्या थरात, स्टीलऐवजी जीएफआरपी सळ्या वापरायचे ठरते आहे. एफआरपी म्हणजे रेझिनमध्ये बसवलेल्या तंतूंचा पदार्थ; जीएफआरपीत ते तंतू काचेचे असतात. पुरवठादाराच्या पत्रकात त्यांची ताणातली ताकद स्टीलपेक्षा बरीच जास्त दिसते. मग त्याच व्यासाच्या सळ्या त्याच अंतरावर टाकल्या तर चालेल का, की कमी टाकूनही भागेल? या सळ्या कसलीही पूर्वसूचना न देता तुटतात म्हणतात, मग पूल सुरक्षित कसा? आणि त्या टिकतील किती?

आधी सरळ उत्तर देतो. तेवढ्याच सळ्या टाकल्या तर चालणार नाही, आणि कमी टाकण्याचा तर प्रश्नच नाही. पण कारण ताकदीचे नाही. एफआरपीच्या पुलात पत्रकावरचा ताकदीचा मोठा आकडा बहुतेक वेळा वापरायलाच मिळत नाही. डिझाइन ठरते ते ताठपणावर, भेगांच्या रुंदीवर आणि कायमच्या भाराखाली सळईत किती ताण राहतो यावर. हे एकदा पटले की बाकीचे नियम आपोआप सुसंगत वाटू लागतात.

एफआरपीमध्ये भार वाहतात ते तंतू. रेझिन त्यांना एकत्र धरते, भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोचवते आणि त्यांचे रक्षण करते. ई-ग्लास या नेहमीच्या काचेच्या तंतूचा मॉड्युलस, म्हणजे ताणाखाली न लांबण्याचा ताठपणा, साधारण ७२ गिगापास्कल असतो. सळईत रेझिनचाही वाटा असल्याने जीएफआरपी सळईचा मॉड्युलस ४० ते ६० गिगापास्कल इतकाच भरतो. स्टीलचा २००. म्हणजे ताकद जास्त असूनही ताठपणा स्टीलच्या जेमतेम पाव. कार्बनतंतूंच्या सीएफआरपी सळ्या १२० ते १६० पर्यंत जातात, पण त्या महाग, म्हणून साध्या डेकमध्ये क्वचितच दिसतात.

आता हिशोब करून पाहू. एक मीटर रुंदीची पट्टी घ्या, प्रभावी खोली (वरच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत) १६० मिमी, काँक्रीटची सिलिंडर ताकद ३० मेगापास्कल आणि मॉड्युलस ३० गिगापास्कल. त्यात १२ मिमीच्या सळ्या १५० मिमी अंतरावर, म्हणजे ७५४ चौरस मिमी क्षेत्र. स्टील असेल तर भेगा पडल्यावर तटस्थ अक्ष, म्हणजे दाब आणि ओढ यांच्यामधली शून्य ताणाची रेषा, वरून सुमारे ३५ मिमीवर येतो. तेवढ्याच क्षेत्राच्या, ५० गिगापास्कलच्या जीएफआरपी सळ्या टाकल्या की तो १९ मिमीवर सरकतो आणि भेगाळलेल्या छेदाचा ताठपणा जवळपास ३.४ पटींनी घसरतो. वापरातला मोमेंट, म्हणजे भाराचा वाकवणारा परिणाम, २० किलोन्यूटन-मीटर धरला, तर स्टीलमध्ये सुमारे १७९ आणि जीएफआरपीत १७३ मेगापास्कल ताण येतो. ताण जवळजवळ सारखा, कारण तो समतोलातून येतो. पण स्ट्रेन, म्हणजे लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ, स्टीलमध्ये ०.०००९ आणि जीएफआरपीत ०.००३५. भेगेची रुंदी या स्ट्रेनच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ती जवळपास चौपट होते.

आणि नेमके इथेच नवखा डिझायनर फसतो. अंतिम बळाचा हिशोब हाच सांगतो की पट्टी उत्तम आहे. हमीची ताकद ८०० मेगापास्कल असलेल्या सळईला उघड्या हवेसाठी ०.७ चा पर्यावरण गुणक लावला की डिझाइनसाठी ५६० उरतात. सुरक्षा गुणक लावण्याआधीचा मोमेंट जीएफआरपीचा सुमारे ६२ आणि ५०० मेगापास्कलच्या स्टीलचा ५८ किलोन्यूटन-मीटर येतो. कागदावर जीएफआरपी सरस! पण हाच छेद वापरात दिसण्याइतका वाकेल, त्याच्या भेगा रुंद होतील, आणि निकामी व्हायची वेळ आली तर काँक्रीट चुरडण्याआधी सळी तुटेल. त्या प्रकारच्या मोडीला एसीआय या अमेरिकन काँक्रीट संस्थेची मार्गदर्शिका फक्त ०.५५ चा गुणक देते, म्हणजे हिशोबातल्या बळाचा तेवढाच हिस्सा धरायचा. स्टीलचा ०.९ लावून तुलना केली की ३४ विरुद्ध ५२ असे चित्र उलटते.

मग उपाय? याच पट्टीत १६ मिमीच्या सळ्या १०० मिमी अंतरावर टाका. क्षेत्र २०११ चौरस मिमी, म्हणजे आधीच्या २.७ पट. तटस्थ अक्ष ३० मिमीच्या आसपास परततो, ताठपणा स्टीलच्या पट्टीच्या साधारण ७० टक्क्यांवर येतो आणि वापरातला स्ट्रेन ०.००१३ वर उतरतो. सळईतला ताण मात्र केवळ ६६ मेगापास्कल, ५६० च्या आठव्या हिश्श्याहूनही कमी. अंतिम अवस्थेत आता आधी काँक्रीट चुरडते, सळी शाबूत राहते, आणि गुणक ०.६५ मिळतो. हे सारे आकडे मुद्दाम दिले आहेत, कारण याहून चांगली समजूत कुठल्याही परिच्छेदाने होत नाही. आपल्या स्लॅबचे माप टाकून एकदा हाताने हिशोब करा.

भेगांच्या मर्यादेबद्दल एक दिलासा आहे. स्टीलमध्ये भेग अरुंद ठेवतो ती मुख्यतः गंजासाठी. एफआरपी गंजत नाही, म्हणून भेगेची मर्यादा सैल ठेवता येते. बाहेरच्या हवेसाठी ०.५ मिमीच्या आसपास. पण त्याहून मोकळीक घेऊ नका. रुंद भेगेत दगडी खडी एकमेकांत अडकून शिअर, म्हणजे छेदाला कापू पाहणारे बळ, वाहते तो मार्ग तुटतो, आणि लोकांना भेग दिसली की पुलावरचा विश्वासही उडतो.

आता दुसरा, खरा महत्त्वाचा प्रश्न. एफआरपी तुटेपर्यंत सरळ रेषेत ताणले जाते. स्टीलसारखा यील्ड होण्याचा, म्हणजे न तुटता कायमचे लांबत जाण्याचा, टप्पा त्यात नाही. म्हणून आपण आयुष्यभर शिकलेला नियम इथे उलटा होतो: स्टीलच्या तुळईत जास्त सळ्या घालून काँक्रीट आधी चुरडू देणे निषिद्ध, एफआरपीच्या तुळईत तेच पसंतीचे. काँक्रीटचे चुरडणेही ठिसूळच असते, पण सळी तुटण्यापेक्षा ते थोडे सावकाश होते आणि मोडण्याआधी वाक व भेगा ठळक दिसतात. पूर्वसूचना मिळत नाही असे म्हणणे त्यामुळे पूर्ण खरे नाही. मिळत नाही ती ऊर्जा शोषून घेण्याची क्षमता. वाकलेली एफआरपी तुळई भार काढल्यावर बरीचशी परत सरळ होते, म्हणजे तिने ऊर्जा साठवली, गिळली नाही. म्हणून कॅनडाच्या पूल संहितेने तन्यतेऐवजी विरूपणक्षमतेचा निकष ठेवला. काँक्रीटमध्ये ०.००१ स्ट्रेन असतानाचा मोमेंट व वक्रता यांचा गुणाकार घ्यायचा, आणि अंतिम अवस्थेतला गुणाकार त्याच्या आयताकृती छेदात किमान ४ पट, टी-छेदात ६ पट असला पाहिजे. मला हा निकष प्रामाणिक वाटतो. तो एफआरपीला स्टीलचा मुखवटा चढवत नाही.

यातून निघणारे दोन परिणाम लक्षात ठेवा. पहिला, सलग गर्डर किंवा सलग स्लॅबमध्ये मोमेंटचे पुनर्वाटप गृहीत धरू नका. आधारावरची सळी यील्ड होऊन मध्यभागाकडे भार सरकवणार नाही; इलॅस्टिक विश्लेषणाचे आकडे तसेच पाळावे लागतात. दुसरा, भूकंपात ऊर्जा शोषायची आहे अशा पिलरच्या प्लास्टिक हिंजच्या जागी, म्हणजे स्टील यील्ड होऊन पिलर बिजागरीसारखा वळतो तिथे, मुख्य सळई म्हणून एफआरपी वापरायला मी अजिबात तयार होत नाही. तिथे एफआरपीचा खरा उपयोग बाहेरून गुंडाळलेल्या आवरणाचा. ते काँक्रीटला आवळून धरते आणि आतल्या स्टीलला पूर्ण यील्ड होऊ देते.

कायमच्या भाराचा मुद्दा बरेचजण विसरतात. काचतंतूंवर सतत मोठा ताण राहिला तर ते काही काळाने, भार न वाढताही, तुटू शकतात. याला क्रीप रप्चर म्हणतात. म्हणून कायमच्या ताणावर मर्यादा असते. जुन्या एसीआय मार्गदर्शिकेत जीएफआरपीसाठी ती डिझाइन ताकदीच्या २० टक्के होती. आश्टो या अमेरिकेतील राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेने आणि नंतर २०२२ च्या एसीआय संहितेने ती ३० टक्क्यांवर नेली. कार्बनसाठी ५५ टक्के. आपल्या ५६० मेगापास्कलच्या सळईसाठी हे झाले ११२ किंवा १६८. डेकमध्ये मोमेंटचा मोठा हिस्सा वाहनांचा असतो, त्यामुळे हा निकष सहसा आडवा येत नाही. पण २० पैकी १५ किलोन्यूटन-मीटर कायमचे असते, तर पहिल्या, ७५४ चौरस मिमीच्या पट्टीतल्या सळईत १२९ मेगापास्कल सतत राहिले असते, जुन्या मर्यादेच्या पलीकडे. मातीचा दाब घेणाऱ्या भिंतींमध्ये हे हमखास तपासा.

डेक स्लॅबच्या बाजूने मात्र निसर्ग उभा आहे. गर्डरांमध्ये अडकलेला स्लॅब चाकाच्या भाराखाली निव्वळ वाकत नाही. त्याच्या जाडीत एक चपटी कमान तयार होते आणि भार दाबाने गर्डरांकडे जातो. त्यामुळे प्रत्यक्ष पुलांवर मोजलेला सळ्यांतला स्ट्रेन वाकण्याच्या हिशोबापेक्षा बराच कमी भरतो, आणि स्लॅब शेवटी मोडतो तो पंचिंग शिअरने, म्हणजे चाकाखालचा तुकडा आरपार घुसून. कॅनडात नोव्हा स्कोशियातील सॅल्मन रिव्हर पुलावर १९९५ मध्ये हाच विचार टोकाला नेला गेला: गर्डरांना बाहेरून स्टीलच्या पट्ट्यांनी आडवे बांधले आणि स्लॅबमध्ये स्टीलची सळईच ठेवली नाही. तुमच्या पुलावर एवढे धाडस करायची गरज नाही, पण जीएफआरपीला पुलात पहिली पसंतीची जागा डेकच का, हे यातून कळते. आत कमान आहे, वरून खारट पाणी झिरपते, आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, कमी असते. स्लॅबच्या कडेला आणि एक्स्पान्शन जॉइंटपाशी मात्र कमानीला टेकायला काही नसते, म्हणून तिथे नेहमीच्या वाकण्याच्या हिशोबानेच सळ्या द्या.

शिअरमध्ये जीएफआरपीचा छेद कमजोर असतो. दाबाचा पट्टा उथळ, भेगा रुंद, आणि आडवी सळी भेग ओलांडताना मेखेसारखा जो आधार देते तो नगण्य. स्टीलसाठी पाठ असलेले काँक्रीटचे शिअर सूत्र इथे वापरले तर उत्तर असुरक्षित येते. रिंगांमध्येही, म्हणजे मुख्य सळ्यांभोवती घातलेल्या वेढ्यांमध्येही, स्ट्रेन ०.००४ च्या वर धरू नये असा नियम आहे, कारण त्यापुढे भेग उघडून काँक्रीटचा वाटाच संपतो. शिवाय वाकवलेल्या जागी सळई कमजोर होते. आतल्या बाजूचे तंतू वळणात चुरगळतात आणि वळणावरची ताकद सरळ सळईच्या निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते. थर्मोसेट, म्हणजे एकदा कडक झाल्यावर पुन्हा मऊ न होणाऱ्या, रेझिनची सळई साइटवर वाकवता येत नाही. प्रत्येक हुक, प्रत्येक रिंग कारखान्यातूनच आकार घेऊन यावी लागते. म्हणून बार बेंडिंग शेड्यूल ऑर्डर देण्याआधी पूर्ण आणि अचूक हवे.

आडव्या दिशेतल्या प्रसरणाचीही दखल घ्या. सळईच्या लांबीत तापमानाचा गुणांक काँक्रीटच्या जवळपास असतो, पण आडव्या दिशेत रेझिनचे राज्य असल्याने तो अंश सेल्सिअसला २१ ते २३ दशलक्षांश इतका, काँक्रीटच्या साधारण दुप्पट. कव्हर फार पातळ असेल तर उन्हात सळी फुगून सळईलगत चीर पडू शकते. गंजाची भीती नाही म्हणून कव्हर अगदी कमी करण्याचा मोह होतो, तो इथे आवरावा.

फक्त सळ्याच नाहीत, संपूर्ण पूलही एफआरपीचे आहेत. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरफेल्डी इथे १९९२ मध्ये टे नदीवर ६३ मीटर मुख्य गाळ्याचा पादचारी पूल उभा राहिला. त्याचे मनोरे आणि डेक काचतंतूंचे, केबल अ‍ॅरामिडच्या. अशा पुलांत बळ मुबलक असते आणि प्रश्न वाक व कंपनांचा असतो. पल्ट्रुडेड प्रोफाइलचा, म्हणजे साच्यातून ओढून बनवलेल्या एफआरपी तुळईचा, लांबीतला मॉड्युलस १७ ते २८ गिगापास्कल, पण शिअर मॉड्युलस ३ च्या आसपासच. त्यामुळे स्टीलमध्ये आपण दुर्लक्षितो ती शिअरमुळे होणारी वाक इथे मोजावीच लागते. फ्लँजचे (आडव्या पट्टीचे) स्थानिक बकलिंग, म्हणजे दाबाखाली मुडपणे, आणि फ्लँज-वेब (आडवी व उभी पट्टी) सांध्याचे सोलणे हे ताकदीच्या आधी गाठतात. आणि वस्तुमान कमी असल्याने चालणाऱ्या माणसांच्या लयीने डेक जास्त हलतो. हलकेपणा उभारणीत वरदान, कंपनात अडचण.

जोड हा तर एफआरपीचा सगळ्यात नाजूक भाग. बोल्टच्या ओळीत स्टील थोडे यील्ड होऊन भार सगळ्या बोल्टांवर वाटून देते. एफआरपीत पहिला बोल्ट जास्तीचा भार घेतो आणि भोकापाशी पदार्थ चिरत जातो. स्वित्झर्लंडमधील पॉन्ट्रेसिना इथल्या १९९७ च्या पादचारी पुलाचे मला फार कौतुक आहे. त्याच्या साडेबारा मीटरच्या दोन गाळ्यांपैकी एक बोल्टने जोडला आणि दुसरा चिकटवला, म्हणजे दोन्ही पद्धती एकाच हवेत शेजारी शेजारी पारखता याव्यात.

कार्बनच्या केबलचेही तसेच. तारेत प्रचंड बळ, पण तिला बाजूने चिमटले की ती चिरडते, म्हणून स्टीलच्या केबलची वेज अँकर (पाचरीने टोक पकडणारी साधने) तशीच चालत नाहीत. विंटरथूरच्या स्टॉर्क पुलावर १९९६ मध्ये २४ पैकी दोन केबल सीएफआरपीच्या बसवल्या. स्विस संशोधन संस्था एम्पाने त्यासाठी असे अँकर बनवले की त्यात भरलेल्या पदार्थाचा ताठपणा टप्प्याटप्प्याने बदलतो आणि तारेवरचा दाब एका टोकाला गोळा होत नाही. स्टुटगार्टच्या ट्रामच्या नेटवर्क कमान पुलाला २०२० मध्ये ७२ सीएफआरपी हँगर, म्हणजे कमानीला डेक टांगणाऱ्या केबल, लागले. थकव्याला कार्बन फारच कणखर आहे, हे तिथे कामी आले.

जुन्या पुलांच्या मजबुतीकरणात सीएफआरपी पट्ट्यांनी सर्वांत लवकर जम बसवला. लुसर्नजवळच्या इबाख पुलावर १९९१ मध्ये सिग्नलचे खांब बसवताना एका प्रीस्ट्रेसिंग टेंडनच्या, म्हणजे काँक्रीटला दाबून धरणाऱ्या ताणलेल्या तारजुडीच्या, काही तारा कापल्या गेल्या होत्या. तिथे १७५ किलो स्टीलच्या जागी ६.२ किलो कार्बनच्या पट्ट्या चिकटवून काम झाले. पण इथेही पट्टी तुटण्याआधी ती सुटते, आणि सुटते ती बहुधा काँक्रीटचा पातळ पापुद्रा सोबत घेऊन. म्हणून पृष्ठभागाची ओढ-चाचणी किमान १.४ मेगापास्कल हवी. आतले स्टील गंजत असेल तर वरून पट्टी चिकटवणे म्हणजे आजार झाकणे. आणि पट्टी आगीत किंवा धडकेत गेली तरी पूल १.१ पट मृत भार अधिक ०.७५ पट चल भार पेलला पाहिजे, हा एसीआयचा निकष कधीही वगळू नका. कार्बन आणि स्टील थेट एकमेकांना टेकू देऊ नका. विद्युत-रासायनिक गंज सुरू होतो.

टिकाऊपणाबद्दल आता. काचेचा शत्रू काँक्रीटमधला अल्कली, आणि त्याला ओलावा व ताण साथ देतात. प्रयोगशाळेत सळ्या ६० अंशांच्या अल्कली द्रवात बुडवून ठेवतात. तिथली घट चिंताजनक दिसते, पण ते द्रव खऱ्या काँक्रीटपेक्षा खूप कठोर. कॅनडात सेवेतल्या संरचनांमधून ५ ते ८ वर्षांनी काढलेल्या काँक्रीटच्या कोअरमधील जीएफआरपीत झीज आढळली नाही. म्हणून व्हिनाइल एस्टर रेझिन आणि ईसीआर या रासायनिक माऱ्याला टिकणाऱ्या प्रकारच्या काचेच्या चांगल्या सळ्यांवर माझा भरवसा आहे. स्वस्त पॉलिएस्टर रेझिनच्या सळ्यांवर नाही. फ्लोरिडातील हॉल्स रिव्हर पुलाचा, २०१९ च्या सुमाराचा, अनुभव तुमच्या परिस्थितीच्या जवळचा आहे. भरतीच्या खाऱ्या पाण्यात तिथे डेकला जीएफआरपी सळ्या आणि खांबांना कार्बनचे प्रीस्ट्रेस वापरले.

साइटवर सुपरवायझरला आधी एक गोष्ट सांगा: जीएफआरपीची घनता सुमारे २ आणि ओल्या काँक्रीटची २.४. वायब्रेटर लावला की सळ्या तरंगतात. चेअरवर (सळ्यांखालच्या टेकूंवर) नुसत्या ठेवून चालत नाही, शटरिंगशी खाली बांधाव्या लागतात, नाहीतर खालच्या थरातल्या सळ्या स्लॅबच्या मध्यावर सापडतात आणि प्रभावी खोली निघून जाते. उन्हात उघड्या ठेवू नका, झाकून ठेवा. कात्रीने तोडायच्या नाहीत, बारीक दाताच्या चकतीने कापायच्या, कारण दाबून तोडल्यास टोकाचे तंतू फुटतात. आणि लॅप, म्हणजे दोन सळ्या जोडताना त्या एकमेकींलगत ठेवायची लांबी, स्टीलपेक्षा लांब लागतो. ड्रॉइंगवर तो स्पष्ट लिहा.

पुरवठादाराकडून प्रत्येक व्यासाचे वेगळे चाचणी अहवाल मागा. जाड सळईत मधल्या तंतूंपर्यंत ताण पूर्ण पोचत नाही, म्हणून व्यास वाढला की प्रति चौरस मिमी ताकद घटते आणि १२ मिमीचा आकडा २५ मिमीला लावता येत नाही. अहवालात सरासरी नव्हे, हमीची ताकद पाहा. मॉड्युलस, तंतूंचे प्रमाण, रेझिनचे काच-संक्रमण तापमान (ज्यापुढे रेझिन मऊ पडते) आणि ओलावा शोषण पाहा. ओढून तोडण्याच्या चाचणीत सळईच्या टोकांवर ग्राउटने भरलेल्या स्टीलच्या नळ्या होत्या ना, हेही विचारा. थेट जबड्यात पकडलेली सळी जबड्यापाशीच चिरडून तुटते आणि तो आकडा निरर्थक ठरतो. रेलिंगच्या भिंतीला वाहनाची धडक सोसायची असल्याने डेकशी तिचा जोड वाकवलेल्या सळ्यांचाच असतो. त्या जोडाचा धडक-चाचणीवर आधारलेला तपशील मिळाला नाही, तर तेवढ्या भागात स्टेनलेस स्टील घाला आणि बाकी डेक जीएफआरपीचा ठेवा.